पित्त की हार्ट अटॅक? घरी ठरवत बसू नका

तुम्ही विचारलंय की बासष्टीच्या, मधुमेह असलेल्या वडिलांना छातीत जळजळ होते, तर ते पित्त की हार्ट अटॅक हे कसं ओळखायचं आणि वेळ आलीच तर काय करायचं.

मी डॉक्टर नाही. पण मामांच्या वेळी मी तिथे होतो आणि बहुतेक सगळ्या चुका आम्ही करून बसलो.

डिसेंबरची रात्र, नुकतीच पिठलं-भाकरी झालेली. मामा म्हणाले, "पित्त झालंय." मामीने लिंबू-सोडा दिला, ढेकर आली, सगळे निर्धास्त. अर्ध्या तासाने बघतो तर थंडीत मामांचं बनियन पिळून निघेल इतकं भिजलेलं, कपाळ गार. "दुखतंय का?" "दुखत नाही रे, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय." मधूनच जबडा चोळत होते, आम्हाला वाटलं, दाढ. वर कडी म्हणजे तीन जिने त्यांना चालवत उतरवलं! खुर्चीत बसवून उचलायला हवं होतं. नशीब, वाचले, स्टेंट (आकसलेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) पडला.

ढेकर येऊन बरं वाटलं याला काही अर्थ नाही. छातीत दाब, तो डाव्या हातात, पाठीत किंवा जबड्यात जाणं, गार घाम, दम, मळमळ यातलं काही पाच मिनिटांहून जास्त टिकलं की १०८ लावा. मधुमेहींना आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसता दम आणि गळून गेल्यासारखं होतं. निदान ईसीजीवर होतं, आणि पहिला नॉर्मल आला तरी डॉक्टर तो पुन्हा काढतात, रक्तातलं ट्रोपोनिनही (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) बघतात. म्हणून जिथे ईसीजी नाही अशा दवाखान्यात थांबून वेळ घालवू नका.

अ‍ॅम्ब्युलन्स येईतोवर त्यांना पाठीला उशी देऊन बसवा, चालू देऊ नका, गाडी तर मुळीच चालवू देऊ नका. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, अल्सर किंवा रक्तस्राव नसेल तर ३०० मिग्रॅ (७५ च्या चार) चावून खायला द्या. गिळली तर असर उशिरा होतो. शेजाऱ्यांची सॉर्बिट्रेट (जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी) मात्र आपल्या मनाने देऊ नका, रक्तदाब धाडकन उतरू शकतो. जोरजोरात खोकण्याचा व्हॉट्सअ‍ॅपी उपाय विसरा.

माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नाही किंवा नुसते आचके येताहेत, तर पलंगावरून जमिनीवर घ्या. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबा, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत. कांदा हुंगवणं, तोंडात पाणी घालणं नको.

आता तुमच्या वडिलांचं. ही जळजळ चालताना किंवा जिना चढताना येते आणि थांबलं की जाते का, हे आजच विचारा. तसं असेल तर पित्ताच्या गोळ्या बदलत बसू नका, एक-दोन दिवसांत हृदयरोगतज्ज्ञाकडे न्या. बसल्या जागीही यायला लागली तर तेवढंही थांबू नका.