मधली सुट्टी शिक्षा म्हणून कापू देऊ नका

चार वर्षांचा मुलगा वर्गात एका जागी बसत नाही म्हणून बाई त्याला मधल्या सुट्टीत आतच ठेवतात, आणि घरी आला की तो टीव्हीसमोरून हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. अगदी हेच आमच्या लेकीच्या बालवाडीत वर्षभर चाललं, म्हणून लिहितेय.

टीव्हीचं तुम्हाला ठाऊकच असणार. मला बोलायचंय ते सुट्टीबद्दल. रंगकाम अपुरं राहिलं की घसरगुंडी बंद, चुळबुळ केली तरी बंद, असा तिथला नियम. म्हणजे जिला पळायची सगळ्यात जास्त गरज, तीच बाकावर. मग ती आणखी चुळबुळणार आणि दुसऱ्या दिवशी परत शिक्षा. भेटायला गेलो तर "शिस्त नको का?" लेखी अर्ज दिला, त्याला उत्तरच नाही. पुढे पुढे पोर मोकळ्या मैदानातसुद्धा माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची, "पळू का?" विचारायची. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही नुसत्या विनंत्या करू नका, कागद घेऊन जा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ सालीच म्हटलंय की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मुलांची सुट्टी काढून घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची रोज किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली निदान ६० मिनिटं दमवणारी. आकडा मोठा वाटतो, पण तो दिवसभराचा मिळून आहे. चालणं, जिने चढणं, गाण्यावर नाचणं, पकडापकडी, सगळं त्यात धरतात. शाळेने सुट्टी कापली तर ती भर संध्याकाळी घालणं फार जड जातं.

खेळाच्या क्लासचं विचारलंत. माझं मत विचाराल तर या वयात नको. बराचसा वेळ रांगेत आपली पाळी येण्याची वाट बघण्यात जातो. काही मुलं रमतातही, नाही असं नाही. त्यापेक्षा शाळेतून आणताना घरात न शिरता थेट मोकळ्या जागेत न्या. एकदा सोफ्यावर बसला की उठवणं कठीण. खाऊ-पाणी सोबत ठेवा आणि स्वतः बाकावर बसू नका, त्याच्यामागे पळा.

मी डॉक्टर नाही. मुलगा लवकर धापा टाकत असेल, सारखा अडखळून पडत असेल किंवा पाय दुखतात म्हणत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि शाळेने "बघू" म्हटलं तर तेवढ्यावर परत येऊ नका, सुट्टी कापणार नाही असं लिहून मागा.