हात मागे ठेव

बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला होता, मी सकाळी वाचला. इतकं लांबलचक टाइप करायला तुला सवड मिळाली म्हणजे धाकटा झोपला असणार, तेवढं बरं. बाकीचं वाचून आधी हसू आलं आणि मग राग. तुझ्यावर थोडा. बराचसा जुना, तुझ्या जन्माआधीचा.

शाळेने सांगितलं म्हणून लेकीने घरी शाडूचा गणपती केला. सोंड जाड झाली, एक कान गळला, पोट एवढं झालं की गणपती पुढे झुकला. मग तू तिला तो ‘थोडासाच नीट करून दिलास’. आता ती मातीला हात लावत नाही, वही पुढे केली तर ‘बाबा, तूच काढ’ म्हणते. आणि तू मला विचारतोस, तिच्यात क्रिएटिव्हिटी कमी आहे का, आणि मी काही ॲक्टिव्हिटींची यादी पाठवू शकेन का.

नाही पाठवणार.

तिच्यात काहीएक कमी नाही. साडेचार वर्षांच्या शहाण्या माणसाने काढावा तोच निष्कर्ष तिने काढलाय: या घरात गणपती बाबा चांगला करतो, तर मी कशाला करू? उलट ती तरीही करत बसली असती तर मला काळजी वाटली असती.

तू माझ्या बालवाडीत होतास तेव्हाचं तुला आठवणार नाही. नवी मदतनीस आली की पहिल्या दिवशी मी तिला दोन्ही हात पाठीमागे धरून भिंतीशी उभं करायचे. खरंच, अगदी तसंच. पोरं पाण्यात, मातीत, रंगात, आणि ही भिंतीशी. तासाभरात बिचारीचा जीव खालीवर व्हायचा. ताई, पाणी सांडलं, पुसू? हात मागे. ताई, तो बटण चुकीच्या काजात घालतोय. घालू दे, हात मागे. काहीजणी चार दिवसांत सोडून जायच्या. ‘काम न करण्याचा पगार कसला घ्यायचा’ असं एक जण जाताना म्हणाली होती. ते जगातलं सगळ्यात अवघड काम होतं हे तिला कळलंच नाही. तुलाही अजून कळलेलं नाही, म्हणून हे पत्र.

कान का गळला ते सांगते, कारण तुला तेही ठाऊक नसणार. डोकं आधी करून ठेवलं असेल, ते वाळत आलं, आणि मग ओला कान त्यावर चिकटवला. वाळत्या मातीला ओली माती धरत नाही. दोन्हीकडे काडीने ओरखडे काढायचे, मधे मातीचं दाटसर पाणी लावायचं, दाबायचं, आणि जोड बोटाने पुसून घ्यायचा. वाळवायचं सावलीत, उन्हात ठेवलं की तडा गेलाच. हे सगळं मला येतं. आणि हे सगळं येत असून मी मुलांना आधी सांगत नसे. कान पडू द्यायचा. पडला की पोर आपल्याकडे बघतं. तेव्हा म्हणायचं, ‘पडला की.’ एवढंच! त्यावर ‘कसा लावू?’ असं विचारलं तर आपण दुसरा गोळा घ्यायचा आणि त्याच्यावर ओरखडे काढून दाखवायचे. आपल्या गोळ्यावर. तिच्या गणपतीला आपलं बोट लागता कामा नये. आणि तिने विचारलंच नाही, एका कानाचाच गणपती बसवला, तर आरती एका कानाच्या गणपतीची करायची. तू पुढे झुकलेला गणपती सरळ केलास, पण तो मोदकाकडे बघायला झुकला होता का, हे विचारलंस तरी का तिला?

हे माझं एकटीचं खूळ आहे असं तुझ्या सासूबाईंना वाटेल, त्यांना हे वाचून दाखव. भावनगरला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेकांच्या सोबतीने काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली दोघी डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथल्या वारली आदिवासींची मुलं शाळेत येईनात, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. सरकारची अंगणवाडीची योजना १९७५ ची, यांची अंगणं त्याच्या कितीतरी आधी भरत होती. मोंटेसरीची महागडी लाकडी साधनं परवडत नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं. आणि तू मला लिंक पाठवतोस अठराशे रुपयांच्या वाळूच्या डब्याची! बाळा, वाळू विकत घेणाऱ्या माणसाला मी काय सांगू?

घरात कणीक आहे. वालाच्या शेंगा आहेत, मोज्यांच्या जोड्या लावायच्या आहेत, पितळी डब्यांची झाकणं आहेत. तिला कणकेचा गोळा दे आणि तू तुझ्या पोळ्या लाट. तिने जे लाटलं ते तव्यावर घाल. कडा जाड, कच्च्या राहतील. खा. ‘वा वा, काय मस्त’ असं ओरडू नकोस, नुसती खा. शाबासकी हाही हातच असतो, हे कोणाला पटतच नाही. तुझी बायको प्रत्येक चित्राचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकते, मामा-काका अंगठे पाठवतात, आणि पोरगी पुढचं चित्र अंगठ्यांसाठी काढते. ते थांबवा. बोलायचंच असेल तर दिसतं तेवढं बोल: ‘इथे बराच निळा आलाय.’ आणि गप्प बस. गप्प बसलं की मुलं बोलतात, आणि मग ऐकावं काय काय बाहेर येतं ते.

आणि गिरवणं. शाळा ‘स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन’ गिरवून आणायला सांगते असं लिहिलंयस. या विषयावर माझं डोकं आजही फिरतं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चा असतात, एकेक करून त्यांची हाडं होत जातात, आणि शेवटचं हाड व्हायला वयाचं आठवं ते बारावं वर्ष उजाडतं. त्या मनगटाला तुम्ही तिसऱ्या वर्षी पेन्सिल देऊन चौकटीत रेघ ओढायला लावता. त्यापेक्षा मळू दे, पिळू दे, कपडे वाळत घालताना चिमटे लावू दे. या वयातली पोरं डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस काढतात, जगभरची काढतात. त्याला धड नाही म्हणून लगेच धड काढून दाखवणारा बाप मला भेटला की माझे हात शिवशिवतात, पण मी तेही मागे ठेवते.

मी ज्या संस्थेत होते तिथे एका जूनमध्ये गिरवायच्या वह्यांचे गठ्ठे आले. पालकांची मागणी आहे म्हणाले. खोटं नव्हतं ते, होतीच मागणी. मी गठ्ठे सोडलेच नाहीत. सभा झाली, मला समजावलं गेलं, शेवटी मी राजीनामा दिला आणि आपल्या वाड्याच्या अंगणात बालवाडी काढली. पहिल्या वर्षी पोरं थोडी होती, दिवाळीनंतर आणखी गळली. शेजारच्या घरातला मुलगा रोज माझ्याकडे कुंपणातून बघायचा आणि रिक्षात बसून तिकडे गिरवायला जायचा. लोक म्हणाले, बाई हेकेखोर आहे. असेन. हेका नसता तर तू आणि तुझ्या वर्गातली पोरं त्या चिंचेखाली दुपारभर पाट काढून पाणी खेळवत बसला असतात का? तुझी आई रोज चिखलाचे कपडे धुवायची आणि मला शिव्या द्यायची, पण तिने तुला काढलं नाही. तिचं नाव मी अजून घेते.

मात्र खंत एक आहे, आणि ती तुला सांगायला हरकत नाही. दुसऱ्यांच्या पोरांसाठी मदतनिसांचे हात मी मागे बांधले, आणि माझ्या घरात सासूबाई माझ्या मुलाला दुसरीत जाईपर्यंत घास भरवत होत्या. बुटाची नाडी त्या बांधायच्या, दप्तर त्या भरायच्या, त्याचं चित्रही त्याच रंगवायच्या, सुरेख रंगवायच्या. मी संध्याकाळी येऊन बघायचे आणि काही बोलायचे नाही. बोलणार कशी? त्या घर सांभाळत होत्या म्हणून माझी बालवाडी चालत होती. आज तो मस्कतला चांगल्या हुद्द्यावर आहे आणि खिचडीला पाणी किती घालायचं हे विचारायला फोन करतो. प्रेमळ आहे, कष्टाळू आहे. कोऱ्या कागदाला मात्र अजून घाबरतो. त्या बाईंना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही, आणि त्या वेळी वेगळं काही करणं मला शक्य होतं असंही मला वाटत नाही. पण तुझ्याकडे अंगण नसलं तरी घर तुझं आहे. तुला बोलता येतं. तेव्हा बोल.

आता दुसरं प्रकरण. ती धाकट्याला ढकलते, खेळणी हिसकावते, आणि तुम्ही दोघं तिला ‘सॉरी म्हण’ म्हणून कोपऱ्यात उभं करता. तू म्हणतोस की ती सॉरी म्हणते आणि दहा मिनिटांत पुन्हा ढकलते. का नाही ढकलणार? तुम्ही टोलनाका लावलाय, ती पैसे भरते आणि गाडी पुढे काढते.

इथेही तेच. फरक एवढाच, की कोणाला लागणार असेल तेव्हा हात मागे ठेवायचा नाही. तिचा उगारलेला हात हवेतच धर, ‘मारू देणार नाही’ म्हण, आणि सोड. मग तोंड आवर. पुढचं भाषण नको. धाकटा रडतोय ना? त्याच्याजवळ बस, त्याला पोटाशी घे, तिला दिसेल असा बस. तिच्याकडे रागाने बघू नकोस. मी हे बालवाडीत पुन्हा पुन्हा बघितलंय: मारणारं पोर थोडा वेळ खांबाशी उभं राहतं, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरतं, मग कुठूनतरी स्वतःचा रुमाल, अर्धं बिस्कीट, नाहीतर नुसतीच एक काडी आणून रडणाऱ्याच्या मांडीवर ठेवतं. त्या काडीला सॉरी म्हणायला लावलंस की काडी खाली पडते. पुन्हा येत नाही. कधीकधी काडी येतच नाही, पोर सरळ खेळायला निघून जातं. जाऊ दे. उद्या येईल.

कोसबाडला मोठ्या मुली शाळेत येत नसत, कारण कडेवर धाकटं भावंड असे. ताराबाईंनी भावंड घरी ठेवून या असं सांगितलं नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र केली, विकासवाडी म्हणत त्याला. ताई शिकतेय आणि पलीकडे धाकटं रांगतंय. तुमच्याकडे उलटं चाललंय. ‘त्याला हात लावू नकोस, तू लहान आहेस, तो पडेल.’ मग तिने त्याच्याशी नातं जोडायचं कुठून? त्याचा वरणभात कालवायला दे तिला. सांडेल. सांडू दे. आणि तिची खेळणी ‘दे त्याला, तू मोठी ना’ म्हणून हिसकावून देऊ नकोस. हिसकावणं ती तुमच्याकडूनच शिकतेय, मग तुम्ही तिला मायेबद्दल काय सांगणार?

माया तिला दुसरीकडून कळेल. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पार्सलवाला पोरगा आला की तू फोनवरचं बोलणं न थांबवता हात पुढे करतोस, हे मी गेल्या वेळी आले तेव्हा बघितलंय. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना तुझी लेक नावाने हाक मारते, अगं-तुगं करते, तेही ऐकलंय. ते आधी बघ. मग सॉरीचं बघू.

चित्रकलेचा क्लास लावू नकोस. इतक्यात तर मुळीच नको. बायकोशी यावरून भांडूही नकोस, ती दमलेली आहे, तूही दमलेला आहेस. माती पुन्हा आणून गॅलरीत ठेव, ओलं फडकं घालून, आणि तिला काही सांगू नकोस. तू स्वतः एक गोळा घेऊन वाईट काहीतरी कर. तिला वाटलं तर येईल. आठवडा जाईल, महिना जाईल, तू मोजू नकोस.

दिवाळीत मी चार दिवस तुमच्याकडे येतेय. तो बाजारातला प्लास्टरचा तयार किल्ला घरात दिसला तर त्याच पावली परत जाईन. विटा, पोतं आणि माती लागेल. अळीव आठवडाभर आधी पेरा म्हणजे किल्ल्यावर हिरवं दिसेल. मावळे आणि महाराज कुठे बसवायचे ते ती ठरवेल, महाराज विहिरीत बसवले तरी बसवले, तू तोंड उघडायचं नाहीस. आणि माती आणताना नर्सरीतली कोकोपीट मिसळलेली आणू नकोस, ती भुसभुशीत असते, तिचे बुरुज उभे राहत नाहीत. तुमच्या मागच्या गल्लीत बांधकाम चाललंय ना, तिथल्या मुकादमाला विचार, दोन घमेली लाल माती देईल तो. मागताना नीट माग.

तुझी,
ताई