‘माझ्यावाचून काय अडतं?’

गौरी-गणपती झाले की ठाण्यात समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या फोनचा सूर बदलतो. जून-जुलैत अभ्यास, मोबाइल, अकरावीचे प्रवेश. गणपती विसर्जनानंतर मात्र एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येते. मुलगा आरतीला उभा राहत नाही. पाहुणे आले की मुलगी खोलीचं दार लावून घेते. लहानपणी किल्ल्याची माती आणायला पहाटे बापाला उठवणारा पोरगा आता म्हणतो, ‘तुम्ही करा ना, मला कशाला मध्ये घेता?’ माणसं घोडबंदर रोडच्या टॉवरमधली असोत की कोपरीतल्या जुन्या इमारतीतली, वाक्य तेच असतं आणि त्याच्या पोटातली भीतीही तीच असते: आपल्यामागे हे सगळं बंद पडणार.

ही भीती मी खोटी म्हणत नाही. पण ती घेऊन आलेल्या आईबाबांना मी एका घराची गोष्ट सांगते. नावं आणि तपशील अर्थातच बदललेले आहेत.

त्यांना आपण वृषाली म्हणू. बँकेत अधिकारी, नवरा ऐरोलीच्या आयटी कंपनीत, मुलगा ईशान नववीत, मुलगी पाचवीत, आणि घरात सासूबाई. नौपाड्यातली त्यांची तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली म्हणून ते माजिवड्याला भाड्याने राहायला आले होते. दसऱ्याच्या आधी वृषालीबाई एकट्याच आल्या आणि खुर्चीवर टेकायच्या आत बोलू लागल्या.

“मॅडम, मागच्या दिवाळीत त्याला पहाटे तीनदा उठवलं. चौथ्यांदा हे ओरडले, तेव्हा उठला. अभ्यंगस्नान असं केलं की जशी काही शिक्षाच. करीट फोडायला दिलं, तर म्हणतो, आई, हे तू जांभळी नाक्यावरून आणलेलं फळ आहे, हा नरकासुर नाही.”

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

“मग दिवसभर झोपला का?”

“झोपतोय कसला! सात वाजता कुर्ता घालून, केसांना जेल लावून मित्रांबरोबर तलावपाळीला. तिथे जायला बरी जाग आली!”

हे वाक्य पालक आरोपपत्र वाचावं तसं वाचतात. मी मात्र ते वहीत लिहून त्याखाली रेघ मारते. नरक चतुर्दशीच्या सकाळी मासुंदा तलावाचा काठ, म्हणजे तलावपाळी, आणि राममारुती रोड ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. नऊवारी, झब्बे, गॉगल, ढोल-ताशा, सेल्फी, आणि पाय ठेवायला जागा नाही. घरच्या आरतीला कंटाळणारी कितीतरी मुलं गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेआधी ढोल कमरेला बांधून आठवडेच्या आठवडे सराव करतात, बोटं सोलून घेतात. सण नकोसा झालेल्या मुलाची ही लक्षणं नाहीत. त्याला सण हवाय. घरातली त्याची जागा तेवढी त्याला नकोय. ती जागा कशी होती, हे त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं.

ईशान आला तो दाराकडे तोंड करून बसला. ‘तुला सण का आवडत नाही?’ असं मी या वयाच्या मुलांना कधीच विचारत नाही. त्याचं उत्तर ‘बोअर होतं’ हेच येतं आणि तिथेच गप्पा संपतात. मी म्हटलं, मागच्या दिवाळीची पहिली पहाट मला घड्याळ लावून सांग.

“चार वाजता उटणं. मग आंघोळ. मग करीट. मग आजीला नमस्कार, त्याचा फोटो. मग फराळाच्या ताटाचा फोटो. मग सगळ्यांचा फोटो, तो काकाच्या ग्रुपवर. मग कोपिनेश्वरला रांगेत.”

“आणि या सगळ्यात तुझं काम काय?”

तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. “उभं राहायचं.” थोड्या वेळाने, “आणि हसायचं.” मग जरा चिडून, “मी नसलो तर काय अडतं? आईला विचारा ना. काय अडतं?”

पुढच्या वेळी दोघांना समोरासमोर बसवून तोच प्रश्न मी त्याच्या देखत आईला विचारला. वृषालीबाई लगेच सुरू झाल्या, “असं काय बोलतोस, तू आमचा...” मी त्यांना थांबवलं. म्हटलं, प्रेमाबद्दल तो विचारतच नाहीये. तो दिवाळीत घरी नसेल तर कोणतं काम होणार नाही, तेवढंच सांगा.

त्या बोटं मोजत विचार करू लागल्या. फराळ त्या आणि सासूबाई करतात. कंदील ऑनलाइन येतो. माळा इलेक्ट्रिशियन लावतो. रांगोळी धाकटी काढते. लक्ष्मीपूजन नवरा करतो. बराच वेळ गेला. मग हळूच म्हणाल्या, “खरं सांगू का मॅडम? काहीच अडत नाही.”

इतकी वर्षं या खुर्चीत बसून मला असे क्षण ओळखता येतात, म्हणून मी एक शब्दही बोलले नाही. ईशानने लेक्चरची तयारी ठेवली होती. समोरून चक्क त्याचंच म्हणणं मान्य झालं होतं. पण त्याच्या तोंडावर जिंकल्याचा आनंद नव्हता. त्याला बहुधा ऐकायचं होतं की अडतं. ‘मला कशाला मध्ये घेता’ या त्याच्या नेहमीच्या वाक्याचा मी तरी तेव्हापासून तोच अर्थ लावते.

मी ॲडलरला मानणारी आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना दोन भेटींत कळतंच. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर याने १९११ मध्ये मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याची साथ सोडली. माणूस कशामुळे ढकलला जातो यापेक्षा माणसांमध्ये तो आपली जागा कुठे शोधतो, याकडे त्याचं लक्ष होतं. आणि त्याच्या मते नुसती माया मिळून ती जागा पक्की होत नाही. आपल्या हातून इतरांच्या उपयोगी काही पडतंय, हे माणसाला जाणवावं लागतं. सहा वर्षांच्या मुलाला हे मांडीवर बसूनही थोडंफार मिळतं. चौदा वर्षांचा मुलगा मांडीवर मावत नाही.

मग मी ईशानच्या लहानपणाबद्दल विचारलं आणि गाडी किल्ल्याशी येऊन थांबली. जुन्या इमारतीच्या मागे मातीचं अंगण होतं. तिथे तो आणि खालच्या मजल्यावरची मुलं विटा, गोणपाट, चिखल असं सगळं जमवून किल्ला करायची. अळीव पेरायची, मावळे मांडायची. त्याने माती आणली नाही तर किल्ला होत नव्हता, एवढं साधं होतं ते. माजिवड्याच्या टॉवरमध्ये पोडियमवर माती आणायला मनाई आहे. किल्ला गेला. तो त्याचा सणातला एकमेव खरा वाटा होता आणि तो गेल्याचं घर बदलण्याच्या धावपळीत कुणाच्या लक्षातच आलं नाही. वाटा गेला आणि फोटो उरला.

“मग आता त्याला काम द्यायचं का?” वृषालीबाईंनी विचारलं. हो, पण कसलं, ते नीट समजून घ्या. ‘पाहुण्यांना पाणी दे’, ‘खुर्च्या लाव’ ही कामं नव्हेत, हुकूम आहेत. मुलाला अशी गोष्ट हवी जी सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याची आहे, जी नसेल तर घरातल्या सगळ्यांना चुकल्यासारखं वाटेल, आणि जी तो बिघडवू शकतो. हा शेवटचा भाग पालकांना पचत नाही. अहो, बिघडवण्याची मुभा नसेल तर ते काम अजून तुमचंच आहे; त्याचे फक्त हात वापरताय. आणि निवड त्याची. तुम्ही निवडून दिलंत की पुन्हा हुकूमच.

ईशानने अनारसे निवडले. मलाही हे अपेक्षित नव्हतं. आजीचे हात थरथरू लागल्यामुळे आदल्या वर्षी अनारसे विकत आणले होते आणि ते त्याला अजिबात आवडले नव्हते. शिवाय लहानपणी ओट्याशी उभं राहून ‘अनारसा हसला’ हे त्याने ऐकलेलं होतं. तुपात सोडल्यावर अख्खी गोष्ट विस्कटून नाहीशी कशी होते, याचं त्याला कुतूहल होतं.

वृषालीबाई हादरल्याच. “आईंचे अनारसे? याच्या हातात? मॅडम, किती तूप वाया जाईल!”

“जाईल. किती रुपयांचं?”

त्यांनी मनात हिशेब केला आणि हसल्या. “त्याच्या एका क्लासच्या फीपेक्षा कमी.”

“आणि अनारसे बिघडले तर दिवाळी व्हायची थांबेल?”

“मागच्या वर्षी झालीच की.”

आमच्या ठाण्यात समुपदेशन म्हटलं की ॲडलरपेक्षा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचं नाव जास्त घेतलं जातं, आणि त्याचा इथे उपयोगही आहे. तो इच्छा आणि हट्ट वेगळे करतो. सण चांगला व्हावा ही इच्छा. तो असाच झाला पाहिजे, नाहीतर सगळं संपलं, हा हट्ट. घरात भांडण लागतं ते हट्टापायी. (एलिसने स्वतः ॲडलरचं ऋण मानलेलं आहे, हे मी संधी मिळेल तिथे सांगते.)

एक भेट सासूबाईंबरोबरही घेतली. वृषालीबाईंना ते विशेष रुचलं नसावं. आजींना एवढंच सांगितलं: स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसा, त्याने विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर जीभ आवरा. आई त्या वेळी स्वयंपाकघरात नाही.

तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचं. दुसऱ्या दिवशी ईशान विसरला. रात्री अकराला आठवलं तेव्हा उठून बदललं. कुणी आठवण केली नव्हती, आणि वृषालीबाईंच्या म्हणण्याप्रमाणे तो दिवस त्यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड होता. मग तांदूळ सावलीत पंच्यावर पसरले, ओलसर असतानाच मिक्सरला लावले, चाळले, गूळ मिसळून गोळे मुरायला ठेवले. तळायच्या दिवशी पहिला घाणा हसला. पहिला म्हणजे पूर्णच. कढईत जाळी जाळी झाली. बाहेर सोफ्यावर वृषालीबाई टीव्हीचा आवाज वाढवून बसल्या होत्या.

आजी म्हणाल्या, “गूळ जास्त झालाय. माझेही पहिल्या वर्षी हसले होते. तुझ्या पणजीने संक्रांतीपर्यंत ऐकवलं.”

त्याने पिठात थोडं कोरडं तांदळाचं पीठ मिसळलं, आच कमी केली, खसखशीची बाजू वर ठेवून झाऱ्याने तूप उडवत राहिला. दुसऱ्या घाण्यातले निम्मे टिकले. फसलेल्या घाण्याचा फोटो त्याने स्वतःच काकाच्या ग्रुपवर टाकला आणि म्हणे त्या दिवाळीत त्या ग्रुपवर सगळ्यात जास्त बोलणं त्याच फोटोवर झालं. तीन आत्यांनी आपापले उपाय कळवले.

आता लगेच ‘मुलगा सुधारला’ असं समजू नका. नरक चतुर्दशीला तो चारला उठला नाही, साडेपाचला उठला. करीट फोडलं नाही. सातला तलावपाळीला गेलाच, फक्त डब्यात मित्रांसाठी अनारसे घेऊन. मला विचाराल तर एवढं पुष्कळ झालं.

ही गोष्ट ऐकून मुलींच्या आया ताबडतोब म्हणतात, मग आमच्या लेकीलाही करंज्यांना बसवते. कृपा करून असं करू नका. मुलींची दारं वेगळ्या कारणांनी बंद होतात. भाऊ झोपलेला असतो आणि तिला सहापासून पुऱ्या लाटायला लावलेलं असतं. तिचा नकार कामाला नसतो, वाटपाला असतो. आधी वाटप बदला. माझ्याकडे आलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलीला गौरीच्या दिवशी पाळी आली होती आणि भरल्या घरात, पाहुण्यांदेखत, ‘तू तिकडे बस’ म्हणून सांगितलं गेलं होतं. पुढच्या वर्षी ती आपणहून तिकडे जाऊन बसली आणि बाहेरच येईना. तिला समजवायला आणलेल्या आईला मी विचारलं, तिच्याशी त्या दिवसाबद्दल कुणी बोललंय का? कुणीच नव्हतं. तिथे आधी आईने बोलायचं असतं, मुलीने नंतर.

‘मी देव मानत नाही’ म्हणणाऱ्या मुलांचं काय? त्यांना हात जोडायला लावू नका आणि त्यांच्याशी वादही घालू नका. मान्य नसलेलं न करता काय करता येईल, ते त्यांनाच ठरवू द्या. एकाने विसर्जनाची सगळी व्यवस्था अंगावर घेतली: महापालिकेचा कृत्रिम तलाव कुठे जवळ आहे, निर्माल्य वेगळं कुठे द्यायचं, गाडी किती वाजता काढायची. आरतीच्या वेळी तो गॅलरीत उभा असतो. घरच्यांना ते चालतं.

आणि दहावीचं वर्ष म्हणून मुलाला सगळ्यातून सूट देणारे पालक! एक संध्याकाळ वाचवून किती गुण वाढतात, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. उलट वर्षभर ज्याच्यावाचून काहीच अडलं नाही, त्याला पुढच्या वर्षी परत बोलावणं जड जातं.

हे सगळं दिवाळीच्या आठवड्यात सुरू करायचं नसतं. तेव्हा घरात प्रत्येक जण घाईत आणि चिडलेला असतो. नवरात्र तरी गाठा. काय सोडून द्यायची तयारी आहे हे आधी मोठ्यांनी आपसात ठरवा, मगच मुलाला विचारा. त्याने काहीच नको म्हटलं तर तेही ऐकून घ्या आणि महिन्याने पुन्हा विचारा.

परवा वृषालीबाईंचा फोन आला. त्यांचा गणपती कोकणात, मूळ घरी असतो. तिथे सूत्रं थोरल्या काकांच्या हातात आणि काकांची शिस्त कडक. ईशानला मखराची विजेची जोडणी स्वतः करायची आहे. काका दरवर्षी गावातल्याच माणसाला बोलावतात. “तुम्ही काकांशी बोलाल का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी नाही आणि तुम्हीही नाही. ईशानला बोलू द्या. मे महिन्यात गावी जाल तेव्हा, आंबे उतरवून झाल्यावर, काका निवांत असताना.