विनय हा सद्गुण आहे का?

प्रश्न : आमच्या लेआउटमधल्या गणेश मंडळाचा हिशेब मी सांभाळतो. कोणी कौतुक केलं की "माझं काय, सगळं पोरांनीच केलं" असंच तोंडातून निघतं. मित्र म्हणतो, हा विनय नाही, खोटं बोलणं आहे. ग्रीक तत्त्वज्ञ काय म्हणतात?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ॲरिस्टॉटल (इ.स.पू. 384–322) बराचसा तुमच्या मित्राच्या बाजूने आहे. 'निकोमॅकियन एथिक्स' या नीतीवरच्या ग्रंथाच्या चौथ्या भागात तो सांगतो, एका टोकाला बढाईखोर, दुसऱ्या टोकाला असलेलं नाकारणारा. चांगला माणूस आहे तेवढंच बोलतो. झुकायचंच तर कमी सांगण्याकडे झुकावं, कारण वाढवून सांगितलेलं लोकांना टोचतं. मोठा लौकिक नाकारणं शोभूनही दिसतं, सॉक्रेटिस तसं करायचा. पण किरकोळ आणि सगळ्यांना दिसणारी गोष्ट नाकारली की ते ढोंग. स्पार्टा या ग्रीक नगरराज्यातल्या लोकांच्या साध्या पोशाखाचं उदाहरण देऊन तो म्हणतो, अति साधेपणातही मिरवणं असतं. पावत्या तुमच्याच अक्षरात असताना "मी काही केलं नाही" म्हणणं याच गटात येतं.

याहून गंभीर बाब म्हणजे स्वतःला कमी लेखणारा माणूस हळूहळू चांगल्या कामांतूनही अंग काढून घेतो. ही वृत्ती पोकळ गर्वापेक्षा जास्त आढळते आणि जास्त वाईट, असं त्याचं स्पष्ट मत आहे. लाजेलाही तो सद्गुण मानत नाही. ती एक भावना आहे. तरुणांना ती शोभते, कारण चुकीपासून आवरते; मोठ्यांनी लाज वाटावी असं करूच नये.

सवय मोडायचा उपाय दुसऱ्या भागात आहे : वाकलेलं लाकूड सरळ करताना उलट बाजूला ओढतात, तसंच करायचं. यंदा हिशेब वाचून झाला की "हिशेब मी ठेवला, वर्गणी पोरांनी गोळा केली" एवढंच म्हणा आणि थांबा. सुरुवातीला ती बढाई वाटेल, कारण माप अजून जुन्या सवयीचं आहे. गुण अंगी येतो तो करून करूनच.

प्रश्न : ऑफिसात रोज सोबत डबा खाणारा सहकारी बदली होऊन गेला. आता फोनही नाही. ती मैत्री खोटी होती का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : नाही. ॲरिस्टॉटलने त्याच ग्रंथाच्या आठव्या भागात मैत्रीचे तीन आधार दिले आहेत : उपयोग, आनंद आणि एकमेकांचा चांगुलपणा. पहिले दोन आधार सरले की मैत्री विरते, त्यात फसवणूक नसते. दुखावलेपण येतं ते एकजण ती तिसऱ्या प्रकारची समजतो आणि दुसऱ्याच्या लेखी ती पहिल्या दोन प्रकारांतली असते तेव्हा. तिसरीला वेळ लागतो. सोबत पुरेसं मीठ खाल्ल्याशिवाय माणूस कळत नाही, ही म्हण तो तिथेच देतो. दुराव्याने मैत्री लगेच मोडत नाही, तिचा व्यवहार थांबतो. फार लांबला तर मात्र विसर पडतो. म्हणून फोन तुम्हीच करा. सुख म्हणजे ॲरिस्टॉटलच्या लेखी आयुष्यभर चाललेलं चांगलं आचरण, आणि आपल्यापेक्षा जवळच्या माणसाचं आचरण आपल्याला जास्त नीट दिसतं. सुखी माणसालाही मित्र लागतात, याचं एक कारण तो नवव्या भागात हेच देतो.