फी भरा, पण आधी शिकवणाऱ्यांच्या रिकाम्या जागा विचारा

तुमचा प्रश्न असा, की ट्रस्टकडे नर्सिंग शिक्षणासाठी निधी आहे. तो सगळा विद्यार्थ्यांच्या फीसाठी दिला तर नर्सेसचा तुटवडा कमी होईल का? बरीच वर्षं नर्सिंग शिकवते आहे, म्हणून स्पष्टच लिहिते: सगळा फीवर घालू नका.

शिकायला कुणी येतच नाही, असा समज असतो. अमेरिकेत २०२३ साली पदवी आणि त्यापुढच्या नर्सिंग अभ्यासक्रमांचे ६५ हजारांहून अधिक पात्र अर्ज नाकारले गेले. (अर्ज, माणसं नव्हे. एकाच मुलीने तीन ठिकाणी अर्ज केलेला असू शकतो.) कारणं? शिक्षक नाहीत, क्लिनिकल पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात खऱ्या रुग्णांवर काम शिकायला, जागा नाहीत. तिथे शिष्यवृत्त्या वाढवल्या तर रांग वाढेल, नर्सेस तेवढ्याच बाहेर पडतील.

वर्गात शंभर जण बसवता येतात, वॉर्डात नाही. एका शिक्षिकेला तिथे आठ-दहा विद्यार्थी सांभाळतानाच नाकी नऊ येतात. पहिल्यांदा सलाइन लावणाऱ्या हातावर कुणाची तरी नजर लागतेच, कारण पलंगावर खरा माणूस असतो. आणि ही शिक्षिका यायची कुठून? पदव्युत्तर शिक्षण घेऊन शिकवायला यावं तर पगार पुष्कळदा वॉर्डातल्या अनुभवी नर्सपेक्षा कमी. अमेरिकेतल्या एका सरकारी योजनेत या पदव्युत्तर शिक्षणासाठी कर्ज मिळतं, आणि ते घेऊन शिकलेल्यांनी सलग चार वर्षं पूर्णवेळ शिकवलं, तर ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज माफ होतं. तुमच्या निधीतला मोठा वाटा मी अशाच कामाला देईन. शिवाय वॉर्डातल्या ज्या सीनियर सिस्टर ड्युटी सांभाळून विद्यार्थ्यांना शिकवतात, त्यांना मानधन द्या. हे काम जवळजवळ सगळीकडे फुकटात करून घेतलं जातं.

फीची मदत निरुपयोगी, असं मात्र नाही. इंग्लंडने २०१७ मध्ये नव्या विद्यार्थ्यांचं अनुदान बंद केलं आणि अर्ज घसरले, त्यातही वयाने मोठ्या, घरसंसार असलेल्यांचे जास्त. २०२० पासून वर्षाला किमान ५,००० पौंड, परत न करण्याच्या बोलीवर, पुन्हा सुरू करावे लागले. अशा घरसंसार असलेल्यांना फीपेक्षा राहण्याचा, प्रवासाचा, मुलं सांभाळण्याचा खर्च जास्त नडतो. मदत त्याला द्या.

सिम्युलेशन लॅबचा, म्हणजे रुग्णाऐवजी पुतळ्यांवर सराव करायच्या खोलीचा, आग्रह तुम्हाला नक्की होईल (देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते ना!). लॅब उपयोगी आहे. २०१४ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात निम्म्यापर्यंत क्लिनिकल तास सिम्युलेशनने भरूनही विद्यार्थी मागे पडले नाहीत. पण तिथे शिकवणारे खास तयार केलेले होते. ते नसतील तर महागडे पुतळे झाकून ठेवलेले असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२३ मध्ये जगात ५८ लाख नर्सेस कमी होत्या. त्यात शिकून तयार झालेल्या, पण रात्रपाळ्या आणि रुग्णांच्या संख्येला कंटाळून सोडून गेलेल्या किती, हेही बघायला हवं. म्हणून चेक देण्याआधी कॉलेजला दोन गोष्टी विचारा: शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, आणि दोन वर्षांपूर्वीच्या बॅचमधल्या किती जणी आज नोकरीत आहेत? दुसऱ्याचं उत्तर बहुधा मिळणार नाही. तेव्हा पहिला हप्ता ती नोंद ठेवणाऱ्या माणसाच्या पगारासाठी द्या.