गोंदाची बाटली तूर्त कपाटातच राहू दे

प्रश्न : ताई, आईला मार्गशीर्षात 75 वर्षं पूर्ण होतात. आम्ही तिघी बहिणी मिळून तिला स्क्रॅपबुक करून देणार आहोत. तिचं माहेर, आमची लहानपणं, मे महिन्यातल्या सहली, सगळं त्यात हवंय. पण निम्मे फोटो 1985 च्या आसपासच्या चिकट पानांच्या अल्बममध्ये आहेत, वर प्लास्टिकचा पापुद्रा असतो तसल्या. पानं पिवळी पडलीत, फोटो सुटत नाहीत, दोन-चार फोटोंवर पांढरी बुरशी दिसते. गणेश चवथीला धाकटी मुंबईहून येईल तेव्हा कामाला बसू म्हणतो. सुरुवात कशी करायची?
– एक वाचिका, फोंडा

उत्तर : बेत छान आहे, मुहूर्त तेवढा चुकलाय. चवथीच्या दिवसांत आपल्याकडे चिऱ्याच्या भिंतींना घाम फुटलेला असतो आणि डब्यातले पापड डब्यातच मऊ पडतात. फोटोची गत तीच. त्याच्यावरचा चकचकीत थर जिलेटिनचा असतो. दमट हवेत तो फुगतो, हुळहुळा होतो, आणि बुरशीचं तर ते जेवणच. अशा हवेत फोटो ओढलात तर कागद तुमच्या हातात येईल आणि आईचा चेहरा अल्बममध्ये राहील. नवीन काही चिकटवलंत तर ओलही पानाआड कोंडाल. तेव्हा सोडवणं-चिकटवणं दिवाळीनंतर, हवा सुकली की. मार्गशीर्षाला तेवढे दिवस पुरतात.

मग चवथीला काय करायचं? घर भरलेलं असतं ना, त्याचा फायदा घ्या. जेवणं झाली, मंडळी गणपतीवर फळं-फुलं बांधलेल्या माटोळीखाली पाय पसरून बसली, की अल्बम मधोमध ठेवा आणि आईला बोलती करा. एकीनं पान उलटायचं, एकीनं वहीत लिहायचं. मामा, मावशी असतील तर उत्तमच, कारण ते आईचं म्हणणं खोडून काढतील आणि त्या भांडणातूनच खरं काय ते बाहेर येतं. त्याआधी प्रत्येक पानाचा, जसं आहे तसा, फोनवर फोटो काढून ठेवा. फोटो कुठल्या क्रमानं लावलेत यालाही अर्थ असतो. कुणीतरी कधीतरी विचार करून लावलेले असतात.

नावांवर मी इतकी का अडून बसते, सांगते. माझ्या सासऱ्यांचा म्हापशात फोटो स्टुडिओ होता. शुक्रवारच्या बाजाराला गावोगावची माणसं यायची, मिरच्या-सुंगटं घ्यायची आणि जाता जाता फोटो काढून जायची. पुढच्या शुक्रवारी येऊन न्यायचा. सगळे यायचेच असं नाही. स्टुडिओ बंद केला तेव्हा बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात न नेलेले फोटो निघाले. पाकिटांवर फक्त बिलाचा नंबर, आणि बिलबुकं कधीच वाळवीनं खाल्लेली. एका फोटोत नऊवारीतली एक म्हातारी आहे, मांडीवर पोर, पोराच्या एकाच पायात बूट. दुसरा बूट कुठे गेला, पोर कोण, म्हातारी कुठल्या गावची, कोण सांगणार? मला तो डबा टाकवत नाही आणि ठेवून उपयोगही नाही. फोटो चिकटवायला कुणालाही जमतं हो. मागच्या रांगेतली लाल साडीवाली कोण हे फक्त तुमच्या आईला ठाऊक.

आता कार्तिकातलं काम. प्लास्टिकचा पापुद्रा हळूच मागे न्या. फोटोच्या एका कोपऱ्यापासून दात साफ करायचा डेंटल फ्लॉस फोटो आणि पुठ्ठा यांच्यामध्ये घाला आणि आरीसारखा पुढे-मागे करत सरकवा. ओढायचं नाही, वाकवायचं नाही. फारच हट्टी असेल तर पान पिशवीत घट्ट बंद करून थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीनं गोंद कडक होतो आणि पुष्कळदा मग सुटतो. पिशवी मात्र बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, वर दव धरतं. एवढं करूनही सुटत नसेल तर हात जोडायचे आणि फोटोच्या कडेनं पुठ्ठाच कापून काढायचा. मागे पुठ्ठा राहिला म्हणून काही बिघडत नाही. पापुद्राच फोटोला चिकटलेला असेल तर तो तसाच ठेवा, वरूनच स्कॅन करा.

बुरशीला ओलं फडकं लावू नका. बुरशीनं पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, पुसायला जाल ते चित्रच पुसाल. फोटो सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकू द्या, मग घराबाहेर नेऊन, नाकाला रुमाल बांधून, मऊ ब्रशनं झटका. उन्हात मात्र नाही. रंगीत फोटोचे रंग उन्हानं उडतात.

नव्या वहीसाठी अ‍ॅसिड-फ्री असं लिहिलेला जाड कागद घ्या. शाळेच्या प्रोजेक्टचे रंगीत कार्डपेपर नकोत, ओलीत रंग सोडतात. प्लास्टिकचे कप्पे घेणार असाल तर वास घेऊन बघा. नव्या रेनकोटसारखा भपकारा आला तर ते पीव्हीसी, तिथेच ठेवून या. पॉलिप्रॉपिलीनचे चालतात. आणि गोंद फोटोच्या पाठीला लावूच नका, कोणताच. कागदी फोटो-कॉर्नर वापरा. मी लग्न होऊन आले तेव्हा स्टुडिओत माझं पहिलं काम तेच होतं. लग्नाच्या अल्बमच्या काळ्या पानांवर कॉर्नर लावायचे. तेव्हाच्या कॉर्नरच्या मागे सुका डिंक असायचा, तो जिभेवर ओला करून दाबायचा. एका अल्बमला शंभर फोटो म्हणजे चारशे कॉर्नर. संध्याकाळपर्यंत जीभ गोड-गोड आणि जड व्हायची, जेवणाची चव कळायची नाही. आता कॉर्नर आयते चिकट मिळतात, तुमची जीभ सुटली.

एवढं शिकूनही माझ्या स्वतःच्या अल्बममध्ये, दुपारी एकदा कॉर्नर संपले म्हणून, मी सात-आठ फोटो रबर सोल्यूशननं चिकटवले. काही वर्षांनी पाठीमागून तपकिरी डाग वर आले. एक नेमका माझ्या आईच्या गालावर आहे.

प्रश्न : आम्ही मुलाला घेऊन हंपीला गेलो होतो. वय वर्षं 10. त्यानं तिकिटं, पानं, दगड, शहाळ्याची स्ट्रॉसुद्धा जमवून आणलीय आणि सगळं वहीत लावायचंय म्हणतो. तिकिटं लॅमिनेट करून घेऊ का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : थांबा! मशीनमधून निघणारी ती गुळगुळीत तिकिटं उष्णतेनं छापलेली असतात. त्या कागदावर शाई नसते, गरम झालं की कागदच काळा होतो. लॅमिनेशनच्या मशीनमध्ये घातलंत तर अख्खं तिकीट काळंकुट्ट होऊन बाहेर येईल. नुसतं ठेवलंत तरी काही महिन्यांत कोरं होतं. आज रात्रीच त्यांची साध्या कागदावर झेरॉक्स काढा, ती चिकटवा. मूळ तिकीट हवंच असेल तर वहीच्या शेवटी कागदी पाकिटात.

पानं टीपकागदात किंवा जुन्या वर्तमानपत्रात वजनाखाली ठेवा, पहिले काही दिवस कागद रोज बदला. पूर्ण वाळून कडकडीत झाल्याशिवाय वहीत घ्यायची नाहीत, आणि फोटोच्या समोरच्या पानावर तर कधीच नाहीत. दगडाचं चित्र काढायला सांगा. स्ट्रॉबद्दल तुमचं तुम्ही बघा, मी मध्ये पडत नाही. एक गंमत करा. पन्नासच्या नव्या नोटेवर हंपीचा दगडी रथ आहे. नोट चिकटवू नका, मुलाच्या हातात नोट देऊन तिच्या शेजारी त्यानं पाहिलेल्या रथाचं चित्र काढायला लावा. नोटेत काय राहिलंय ते तोच सांगेल.

लिहायचं त्यानंच. ‘होस्पेट स्टेशनवर पप्पांची चप्पल तुटली’ असं ऱ्हस्व-दीर्घ चुकवून लिहिलेलं वाक्य असेल तर ते तसंच राहू दे. तुम्ही मंदिरांची माहिती लिहायला बसू नका. ती कुठेही मिळते, चपलेची मिळत नाही.

प्रश्न : फोनमध्ये अकरा हजार फोटो आहेत. निवडायचे कसे?
– एक वाचिका, मडगाव

उत्तर : पूर्वी कॅमेऱ्याच्या एका रोलमध्ये 36 फोटो यायचे. एका सहलीला 36, एकही जास्त नाही. सूर्यास्त आधी बाद करा, मिरामारच्या किनाऱ्यावर रोज होतो. निवडलेले लॅबमधून फोटोच्या कागदावर छापून घ्या. घरच्या इंकजेटवर काढलेल्या प्रिंटची शाई आपल्या पावसाळ्यात पसरायला बघते.

प्रश्न : स्क्रॅपबुकमध्ये दादाच्या लग्नाचं पान आहे. ती वहिनी आता आमच्या घरात नाही. सगळ्या फोटोंत ती आहे. कापून टाकू का?
– नाव नको

उत्तर : नको. मूळ फोटोला कात्री लागत नाही, हा आमच्या स्टुडिओचा नियम होता आणि गिऱ्हाईक रागानं आलं तरी सासरे तो मोडत नसत. पान नकोसं असेल तर वगळा, फोटो पाकिटात घालून दादाकडे द्या. पुढे भाचरं मोठी होतील, तेव्हा त्यांना आपली आई नवरीच्या वेषात बघावीशी वाटेल. ते ठरवायचा हक्क त्यांचा.

प्रश्न : आमच्या घरात एका फोटोवरून वाद आहे. आजोबा, आजी, बाबा आणि मी, मांडवीत फेरीबोटीवर, मागे बेतीचा धक्का. मी आजीच्या कडेवर. भाऊ म्हणतो हा फोटो पूल होण्याआधीचा. मी म्हणते, तेव्हा माझा जन्मच झाला नव्हता! पानावर साल काय घालू?
– एक वाचिका, पर्वरी

उत्तर : तुमच्या भावाला नदीवरचा पूल आठवतो, तो पडलेला आठवत नाही. 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा पूल कोसळला आणि पणजीला ये-जा करणारे सगळे पुन्हा फेरीबोटीला लागले. स्टुडिओचा कागद आणि रोल पणजीहून यायचे, त्यामुळे त्या पावसाळ्यात आमची काय तारांबळ उडाली ते मला पक्कं आठवतंय. सासरे छत्री, रोलची पिशवी आणि धोतराचा सोगा असे तीन जिन्नस दोन हातांत धरून बोटीत चढायचे. तेव्हा पुलानंतरही बोटीवरचा फोटो असू शकतो.

अजून पुरावे शोधा. फोटोत नदीचा पट्टा दिसत असेल तर पूल मोजा. वरच्या उंच तारांच्या अटल सेतूवरून गाड्या जाताना दिसल्या तर फोटो 2019 च्या आधीचा नाही, हे तर पोरंही सांगतील. बोटीवर एखादी स्कूटर आहे का? भिंग घेऊन नंबर वाचा. जीडीनं सुरू होत असेल तर ती गाडी बहुधा गोवा, दमण आणि दीव एकत्र होते त्या काळात घेतलेली. 30 मे 1987 ला गोवा राज्य झालं आणि पुढे जीएच्या पाट्या आल्या. पण स्कूटर पंधरा-पंधरा वर्षं चालते, त्यामुळे तिची साक्ष एकटी धरायची नाही. फोटो चौकोनी, पांढऱ्या काठाचा, कृष्णधवल असेल तर तो बहुधा बारा फोटोंच्या रोलवरचा. आगफा क्लिक थ्री कॅमेरा पुष्कळ घरांत असायचा. रंगीत असेल आणि कोपऱ्यात नारिंगी आकडे उमटले असतील तर त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, कॅमेऱ्यात तारीख लावायचा कंटाळा निम्मं जग करायचं.

निगेटिव्ह शोधा. पट्टीवर तुमच्या फोटोच्या आगेमागे काय आहे ते बघा. आधीच्या चौकटीत माटोळी असेल तर महिना मिळाला. पुढच्या चौकटीत कुणाचं बारसं असेल तर सालही मिळालं, कारण ते बाळ आज कुठेतरी आधार कार्ड घेऊन फिरत असणार.

आणि सगळ्यात आधी, आजी असेल तर तिला विचारा. मात्र ‘हे कुठलं साल?’ असं विचारू नका, सालं कुणाला आठवत नाहीत. ‘आजी, ही साडी कुठली गो?’ असं विचारा. आमच्या सासूबाईंना मी एका फोटोचं साल तीनदा विचारलं, तीनदा म्हणाल्या, मला मेलीला काय ठाऊक. साडीचं विचारलं तर लगेच: ही नणंदेनं मुंबईहून आगबोटीनं पाठवलेली, शिगम्याला पहिल्यांदा नेसले, त्याच वर्षी आमची तांबडी गाय व्याली नि पाडा झाला. मी तेच फोटोखाली लिहिलंय, जसंच्या तसं, पाड्यासकट. साल अजून कोरंच आहे.