घरी अत्तर मिसळायचंय? आधी काटा घे

भावा, एकदम वीस तेलं उचलू नकोस. वाळा, गुलाब, लिंबू बास झालं. खऱ्या चंदनाचा भाव ऐकलास तर तसाच माघारी येशील. पैसा घालायचा तो काट्यात, 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या. थेंब मोजून भागत नाही. वाळ्याचं तेल दाट, लिंबाचं पातळ, थेंब सारखे पडतच नाहीत, मग जमलेला वास परत जुळत नाही. पातळ करायला डीपीजी (डायप्रोपिलीन ग्लायकॉल, जवळपास बिनवासाचा द्रव): 1 ग्रॅम तेलाला 9 ग्रॅम. बाटल्या तपकिरी काचेच्याच. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात आधी विचार, ऑनलाइन नंतर. प्लास्टिक नको, लिंबाचं तेल काही प्लास्टिक खातं. आणि ते लावून उन्हात हिंडू नकोस, कातडी भाजते. चिठ्ठीवर वजन, तारीख लिही.